सुरू होऊन बंद पडणारं इंजिन

अवसरी बुद्रुक,
ता. आंबेगाव, जि. पुणे

चि. बाळास,


तुझा निरोप मिळाला. सातगाव पठारावरच्या एका शेतकऱ्याचा पॉवर विडर तुझ्याकडे आलाय. चोक लावला की सुरू होतो आणि चोक काढला की थोड्या वेळात बंद पडतो. नवा कार्बोरेटर मागवू का, असं तू विचारलंस. आत्ताच मागवू नकोस. बटाट्याची लागवड तोंडावर आलीय, त्यामुळे त्या माणसाला घाई असणार, हे मला कळतं. पण घाईत बदललेला भाग दुखण्याचा नसला, तर त्याचे पैसेही जातात आणि वेळही.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. जे इंजिन सुरू होतं, त्यानं आपल्या तब्येतीबद्दल बरंच सांगून टाकलेलं असतं. कॉम्प्रेशन आहे, प्लगला स्पार्क येतो, टायमिंग जागेवर आहे, म्हणूनच ते पेटलं. मग त्यावेळी होतं आणि नंतर संपलं असं काय, एवढाच प्रश्न उरतो. आमच्या उमेदीत विहिरीवर डिझेल इंजिनं असायची. खडकीची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ साली निघाली, तिची इंजिनं आपल्या भागात फार. तीही अशीच सुरू होऊन बंद पडायची. बहुतेक वेळा नळीत एअर धरलेली असायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत डिझेल सोडलं की काम व्हायचं. पंप उघडायची गरजच पडत नसे. यंत्र बदललं, इंधन बदललं, तरी विचाराची रीत तीच आहे.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचार आणि घड्याळ बघ. काही सेकंदांत बंद पडतं, की दहा-पंधरा मिनिटं चालून? गार असताना की तापल्यावर? मोकळं चालतं आणि मातीत घातल्यावर दम सोडतं का? एकदम बंद होतं, की गचके देत? प्रत्येक उत्तर तुला वेगळ्या ठिकाणी घेऊन जाईल.

नंतर सर्वांत स्वस्त तपासण्या आधी कर. विडर सपाट जागी ठेवून ऑईल बघ. काही इंजिनांत ऑईल कमी झालं की स्पार्क बंद करणारा सेन्सर असतो. उतारावर मशीन कललं तरी तो इंजिन बंद करू शकतो. मग टाकीचं झाकण थोडं सैल करून चालवून बघ. झाकणाचं हवेचं भोक धुळीनं बुजलं असेल, तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. झाकण सैल केल्यावर नीट चाललं, तर भोक साफ कर, काम झालं. एअर फिल्टर काढून बघ. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळव, दोन थेंब ऑईल लावून पीळ आणि बसव. कागदी फिल्टर मात्र धुवू नकोस.

तुझ्या विडरचं लक्षण मला कार्बोरेटरकडे बोट दाखवताना दिसतं. चोक लावला की हवा कमी होते, ओढ वाढते आणि अर्ध्या बुजलेल्या जेटमधूनही पेट्रोल येतं. चोक काढला की ओढ कमी होते, पेट्रोल पुरत नाही आणि इंजिन मरतं. तरीही थेट जेटला हात घालू नकोस. इंजिन गार होऊ दे, प्लगची टोपी काढ, जवळ विडी-काडी कोणाची नको. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घे आणि उजेडात धर. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. तांबूस कण दिसले तर टाकी गंजलीय. नंतर कॉक उघडा ठेवून बघ, धार अखंड येते की थेंब थेंब. धार तुटत असेल तर टाकीतली जाळी, कॉक आणि नळी बघ. तिथं दोष असताना कार्बोरेटर कितीही धुतलास तरी चार दिवसांत मशीन परत तुझ्या दारात येईल.

धार चांगली असेल, तरच वाटी उघड. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं, पायलट जेटचं त्याहून बारीक. जेट पितळी असतात. त्यात सुई किंवा ड्रिलची पिन घालू नकोस, भोक मोठं झालं तर इंजिन जन्मभर जास्त पेट्रोल पितं. क्लीनर मार, हवा मार, अगदी अडलं तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरव. जेट उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे. बसवताना पॅकिंग फाटलेलं नाही ना बघ. तिथून हवा शिरली तरी हेच लक्षण दिसतं.

एवढं करूनही तापल्यावरच बंद पडत असेल, तर बंद पडल्या क्षणी प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर स्पार्क तपास. तापल्यावर कॉईल दगा देते. स्पार्क बघताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घे आणि बाटली लांब ठेव. टू-स्ट्रोक ग्रास कटर आला, तर सायलेन्सरची जाळी कार्बननं बुजलीय का तेही बघायला विसरू नकोस.

आता दुखण्याचं मूळ. हे मशीन हंगाम संपल्यावर पेट्रोलसकट कोपऱ्यात उभं राहिलं असणार. वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. त्यात २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलंय. आपल्याच उसापासूनही ते इथेनॉल होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून मशीन देताना त्या शेतकऱ्याला समोर उभं करून दाखव: हंगामाचं काम संपलं की टाकी रिकामी करायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग वाटीचा ड्रेन स्क्रू सोडायचा. हे शिकवलंस तर पुढच्या वर्षी त्याची दुरुस्ती तुझ्याकडे येणार नाही, अशी भीती बाळगू नकोस. ज्याचं काम प्रामाणिकपणे होतं, तो शेजाऱ्याचं मशीन घेऊन येतो. पठारावर, घोड नदीच्या काठाला, मंचरच्या बाजारात, सगळीकडे तोंडी शिफारशीवरच धंदा उभा राहतो.

भाग खरंच बदलावा लागला, तर जुना भाग त्याच्या हातात दे आणि का बदलला ते सांग. एका वहीत लक्षण, तपासणी आणि सापडलेला दोष लिहीत जा. वर्षभरानं तीच वही तुला माझ्यापेक्षा चांगली शिकवेल.

काय सापडलं ते कळव. ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा