नोंदवहीच्या समासातील दुरुस्ती

बाबासाहेबांचा साताऱ्याच्या शाळेतील प्रवेश आपण तारखेनिशी सांगू शकतो, तो एका नोंदवहीमुळे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. आपल्या पणजोबांची अशी ओळ शोधू गेल्यास बहुधा गावच्या कोतवाल बुकापर्यंत, म्हणजे गाव नमुना 14 पर्यंत जावे लागते. इतरांच्या मयताचा सांगावा गावोगाव पोहोचविणे हे महार वतनाचे काम. त्या सांगाव्याच्या घरातील जन्मतारीख मात्र पुष्कळदा कोणी जपली नाही. मग गुरुजींनी 1 जून घातली. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी!

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा. नोंद 21 दिवसांत करावी. वर्ष उलटल्यास पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. 2023 च्या सुधारणेने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांना दिला. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. यापुढे गुरुजींची 1 जून चालणार नाही, हे आम्हाला योग्यच वाटते.

कलम 15 इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष भावते. चुकीची मूळ नोंद खोडायची नसते. निबंधक समासात दुरुस्ती लिहून दिनांकासह स्वाक्षरी करतो. लेखनिकाची चूक असेल तर काम सोपे. आशयाची चूक असल्यास खरी हकीकत सांगणारे निवेदन आणि ती जाणणाऱ्या दोन विश्वसनीय व्यक्तींची साक्ष लागते. पालकांचा घोटाळा होतो तो येथे: ‘दगडू’ बदलून ‘सिद्धार्थ’ करणे ही दुरुस्ती नव्हे, तो नावातील बदल आहे, त्याचा मार्ग राजपत्रातून जातो. नोंद करताना बाळाचे नावच रिकामे राहिले असेल, तर ते वर्षभरात विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते.

मृत्यूची नोंदही टाळू नये. वारस नोंद आणि विधवेचे निवृत्तिवेतन तिच्यावाचून अडते. मृत्यूचे कारण दाखल्यावर छापले जात नाही, तेव्हा संकोचाचेही कारण नाही.

आणखी एक. नोंद घटनेच्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. ऊसतोडीच्या फडावर किंवा आजोळी जन्मलेल्या मुलाचा दाखला आपल्या ग्रामसेवकाकडे मिळणार नाही. तो त्या गावच्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत मागावा.