म्हातारी भाषा, रोजचे काम

मुलांनो, तुमच्या घरातला फोन चार-पाच वर्षांत जुना होतो. मग साठ वर्षांहून जुनी एक संगणक-भाषा आजही बँकांत कामाला आहे, हे खरे वाटेल का? तिचे नाव कोबोल.

पूर्वी अमेरिकेत प्रत्येक कंपनीच्या संगणकासाठी प्रोग्राम वेगळा लिहावा लागे. यंत्र बदलले की सगळी मेहनत वाया! म्हणून १९५९ साली सरकारी खाती आणि कंपन्या एकत्र बसल्या व सर्वांसाठी एक भाषा ठरवली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा तिला मोठा आधार होता. तिची वाक्ये साध्या इंग्रजीसारखी असतात: 'अ‍ॅड टॅक्स टू टोटल', म्हणजे एकूण रकमेत कर मिळवा. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ तोच प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

पुढे १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका आणली. ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली. पण त्यांचे वंशज आजही बनतात आणि जुने प्रोग्राम चालवतात. बिनचूक चाललेला हिशेब कोण कशाला मोडेल?

आम्ही इंजिनिअरिंगला होतो तेव्हा कोबोलला हसायचो. पहिल्याच नोकरीत आमच्या जन्माआधी लिहिलेला प्रोग्राम हाती आला! भाषा महिन्याभरात जमली, पण एका ओळीपाशी अडलो. व्याजातून ठरावीक रक्कम वजा का होते? लिहिणारे गृहस्थ निवृत्त झालेले, आणि नोंद कुठेच नाही. तीन आठवडे डोके खाजवले.

एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला. तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत, असे जाहीरपणे सांगितले. प्रोग्राम होते, जाणकार कमी पडत होते.

यातून आम्ही एक धडा घेतला. भाषा नुसत्या वयाने मरत नाही. तिला रोजचे काम हवे, आणि वाचणारी नवी माणसे हवीत. आजीची पाककृतींची वही घरात असते, पण 'मोहन घालणे' म्हणजे काय हे विचारायला आजी जवळ नसेल, तर वही असून उपयोग काय?

गृहपाठ: या आठवड्यात आजी-आजोबांना फोन करून तुम्हाला न कळणारे तीन शब्द विचारा. अर्थ मराठीतच लिहा. पालकांनी उत्तरे सांगू नयेत; त्यांनीही फोनजवळ बसून ऐकावे.