‘ऐनवेळी’ की ‘वेळेवर’? : जस्ट-इन-टाइम उत्पादनपद्धती आणि तिची परिभाषा

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• जस्ट-इन-टाइम पद्धतीचे स्वरूप व मर्यादा सांगता येतील.
• या संज्ञेसाठी सुचणाऱ्या मराठी प्रतिशब्दांची चिकित्सा करता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, संकल्पना नीट समजल्याखेरीज तिला प्रतिशब्द देता येत नाही, हे परिभाषेच्या अभ्यासातील पहिले सूत्र होय. ‘जस्ट-इन-टाइम’ या संज्ञेसाठी ‘ऐनवेळी उत्पादन’ असा शब्द चटकन सुचतो. तो योग्य आहे का, हे ठरवण्यासाठी प्रथम ती पद्धत समजून घेऊ.

२. संकल्पनेचे स्वरूप
दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कंपनीजवळ भांडवल कमी होते आणि मोटारींना मागणीही मर्यादित होती. भरपूर माल तयार करून गोदामात ठेवणे तिला परवडणारे नव्हते. किइचिरो टोयोडा यांनी युद्धापूर्वी मांडलेली कल्पना ताइची ओनो या अभियंत्याने विकसित केली. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढा माल उचलते, तेवढाच पुन्हा फळीवर भरला जातो. हेच तत्त्व ओनो यांनी कारखान्यात आणले.

त्यासाठी ‘कानबान’ म्हणजे सूचनापत्रक वापरले जाते. पुढच्या टप्प्यावरील कामगाराने सुटे भाग उचलले की त्यांचे पत्रक मागच्या टप्प्याकडे जाते आणि तेथे तेवढेच भाग तयार होतात. पत्रक नसेल तर उत्पादन नाही, आणि सदोष भाग पुढे पाठवायचा नाही, हे तिचे नियम आहेत.

साठ्यात भांडवल अडकते व जागा व्यापली जाते. पण त्याहून मोठा तोटा असा, की साठा दोष झाकतो. नदीला पाणी भरपूर असेल तर तळाचे खडक दिसत नाहीत. पाणी उतरले की ते उघडे पडतात. त्याचप्रमाणे साठा कमी झाला, की बिघडणारे यंत्र व अनियमित पुरवठा लगेच नजरेस येतो.

३. मर्यादा
फेब्रुवारी १९९७ मध्ये आयसिन सेइकी या पुरवठादार कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकसाठी लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सर्वस्वी तेथूनच मिळत असे. साठा अत्यल्प असल्याने टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. मात्र अनेक कंपन्यांनी मिळून तो व्हॉल्व्ह तयार केला आणि उत्पादन लवकरच सुरू झाले. साठा जितका कमी, तितकी परस्परांवरील भिस्त अधिक, हे यावरून दिसते. मोठ्या कारखान्याने आपला साठा केवळ लहान पुरवठादाराच्या गोदामात ढकलला, तर साठा कमी होत नाही. त्याचा भार तेवढा दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

४. प्रतिशब्दाचा विचार
‘ऐनवेळी’ या शब्दाला मराठीत धावपळीची, पूर्वतयारी नसल्याची छटा आहे. ‘ऐनवेळी पाहुणे आले’ हे वाक्य आठवून पाहा. प्रस्तुत पद्धत मात्र काटेकोर पूर्वनियोजनावर उभी आहे. ‘शून्य साठा’ हा शब्दही अपुरा आहे. कारण त्यात परिणामाचा उल्लेख आहे, कार्यपद्धतीचा नाही. ‘गरजेनुसार वेळेवर उत्पादन’ ही संज्ञा लांब असली तरी अर्थाला अधिक धरून आहे.

५. सारांश
लागेल ती वस्तू, लागेल तेव्हा, लागेल तेवढीच तयार करणे हे या पद्धतीचे सार होय. तिचे यश शिस्त व परस्परविश्वास यांवर अवलंबून असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘साठा दोष झाकतो’ हे विधान स्पष्ट करा.
२. तुमच्या कामाच्या ठिकाणी साठ्यासंबंधी रूढ असलेले पाच शब्द नोंदवा व त्यांच्या अर्थच्छटा लिहा.