‘हो का?’ आणि इंग्रजीतील सौम्य आश्चर्य

संस्थेच्या वाटचालीची नोंद घेणाऱ्या या स्मरणिकेत इंग्रजीच्या एका छोट्या पाठाला स्थान कशासाठी, असा प्रश्न काही पालकांना पडेल. त्याचे कारण आमचाच एक माजी विद्यार्थी आहे. नोकरीच्या मुलाखतीत त्याने सांगितले, ‘आय लिव्ह्‌ड इन अ हॉस्टेल फॉर सिक्स इयर्स.’ समोरच्या अधिकारी बाई म्हणाल्या, ‘डिड यू?’ आपल्या बोलण्यावर शंका घेतली जात आहे असे समजून त्याने घाईघाईने पिशवीतून वसतिगृहाचा दाखला काढला. बाई हसल्या, तो गोंधळला आणि पुढचे सारे बोलणे अवघडले. त्याने हे सांगितले तेव्हा चूक त्याची नव्हे, आमची आहे हे ध्यानी आले. प्रश्नचिन्ह दिसले की उत्तर द्यावे, एवढेच आम्ही शिकवले होते.

वास्तविक तो प्रश्न नव्हताच. ओट्यावरच्या गप्पांत आपण ‘हो का?’, ‘असं होय!’ म्हणतो, तेवढेच सौम्य आश्चर्य त्यात होते. मराठीत एक ‘हो का?’ सर्व वाक्यांना पुरतो. इंग्रजीत मात्र समोरच्याच्या वाक्यातील साहाय्यक क्रियापद उचलून, योग्य सर्वनामासह परत द्यावे लागते. ‘शी इज अ नर्स’ याला ‘इज शी?’, ‘आय कॅन स्विम’ याला ‘कॅन यू?’. साहाय्यक क्रियापद दिसत नसेल तर काळ व कर्ता पाहून ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ घ्यावे. ‘वुई वेंट टू अजंता’ याला ‘डिड यू?’ हेच हवे. वाक्य नकारार्थी असेल तर प्रतिसादही नकारार्थीच राहतो: ‘आय डोन्ट ड्रिंक टी’, ‘डोन्ट यू?’. वाक्याला ‘इझन्ट इट?’सारखी शेपटी जोडताना होकाराचा नकार होतो, हे पाठ केलेली मुले येथे हमखास फसतात.

आपल्याकडे या सर्वांऐवजी एकच ‘इज इट?’ म्हणण्याची सवय आहे, ‘हो का?’चीच ती छाया असावी. आपसांत ते सहज समजते, त्याला हसण्याचे कारण नाही. परीक्षेत आणि परक्यांशी बोलताना मात्र जुळणारे रूप वापरावे.

‘रिअली?’ सोपे आहे, पण सूर सांभाळावा. आवाज हलकेच चढला तर कुतूहल दिसते. सपाट राहिला तर कंटाळा किंवा अविश्वास. ‘यू डोन्ट से!’ याचा अर्थ ‘तुम्ही बोलत नाही’ असा नव्हे. आज ते पुष्कळदा उपरोधाने म्हटले जाते, म्हणून वडीलधाऱ्यांपुढे टाळलेले बरे. ‘ओ माय गॉड’ तर आमच्या भोजनगृहात वरणात मीठ कमी पडले तरी ऐकू येते! त्याला सौम्य कोण म्हणेल?

‘डिड यू?’ ऐकणाऱ्याने पुरावा देऊ नये, हकिकतीचा पुढचा धागा द्यावा: ‘येस, अँड वुई टुक टर्न्स टू सर्व्ह द फूड.’ पंगतीत वाढण्याच्या पाळ्या प्रत्येकाने केल्या आहेत. सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

घरी इंग्रजी येत नसले तरी पालकांना हा सराव घेता येईल. आईने मराठीतच बोलावे, मुलाने इंग्रजीत प्रतिसाद द्यावा. ‘आज मी बाजारात गेले होते’ म्हणताच ‘डिड यू?’ आणि ‘भाकरी करपली’ म्हणताच ‘डिड इट?’ यायला हवे.