सिकलसेलचा अहवाल आणि बापाचं नाव

बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीसारख्या गावात मूल कुणाचं हा प्रश्न डीएनए चाचणीपेक्षा सिकलसेलच्या तपासणीतून उभा राहण्याची शक्यता जास्त, असं मला वाटतं. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं ठरलं. बालाघाटपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत हा आजार आहे, तेव्हा तपासणी हवीच. मला भीती वाटते ती नवरा, बायको आणि मुलाचे अहवाल शेजारी ठेवून घरच्या घरी निकाल लावण्याची.

हिशेब वरवर सरळ दिसतो. एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला सिकलचा एकेक जनुक आईबापांकडून येतो. मग आई एएस (म्हणजे वाहक), मूल एसएस आणि बाप निगेटिव्ह, हे कसं? बोट लगेच बाईकडे जातं. पण उत्तर बापाच्याच रक्तात असू शकतं. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर त्याची सिकलची चाचणी निगेटिव्हच येणार. मुलाला आईकडून सिकल आणि बापाकडून थॅलेसेमिया मिळाला, तर इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या चाचणीत ते मूल एसएससारखं दिसू शकतं. शिवाय सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी वाहक कोण, रुग्ण कोण हे सांगतच नाही. अंगात रक्त फार कमी असेल तर ती खोटी निगेटिव्हही येते. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसीचा अहवालही फसवतो. नमुन्यांची अदलाबदल तर कुठेही होते. म्हणून तिघांचं रक्त पुन्हा तपासावं, थॅलेसेमिया ओळखण्यासाठी एचबीए2चं प्रमाण पाहावं, गरज पडली तर जनुकांची तपासणी करावी.

एवढं करूनही जुळलं नाही तर सत्य दडपायचं का, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण रक्त दिलं ते आजार कळावा म्हणून. संमती तेवढ्यापुरतीच होती. मुलाचं हायड्रॉक्सीयुरियाचं औषध किंवा लसीकरण बापाच्या नावावर अडत नाही. कायदाही घाई करत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 नुसार वैध विवाहात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानलं जातं. ते नाकारायचं तर गर्भधारणेच्या काळात पतिपत्नीचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डीएनए अहवाल या गृहीतकापेक्षा वरचढ मानला, हे खरं. पण फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं नवऱ्याला मुलाची चाचणी नाकारली आणि मुलाचं हित पुढे ठेवलं.

समुपदेशकांना माझं सांगणं एवढंच, की तिघांना एकत्र बसवून अहवाल वाचू नका. ज्याचा त्याला, एकांतात द्या. बाईशी आधी एकटीशी बोला. पुन्हा तपासणी होईपर्यंत ‘जुळत नाही’ हे शब्द सासूसासऱ्यांसमोर तर मुळीच उच्चारू नका.