ढोकळा फुगेना, दोष सोड्याचा की डब्याचा?

प्रश्न : खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त टिकते का?

उत्तर : नाही. दोन्हींना फ्रिजची गरज नाही. गरज आहे ती कोरडेपणाची. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि बहुधा कॉर्नस्टार्च असतो. ओल लागली की सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांवर क्रिया करतात आणि ढोकळ्यात निघायचा वायू आधीच उडून जातो. गार डबा दमट स्वयंपाकघरात उघडला की हवेतली वाफ आत थंड होऊन बसते, म्हणून फ्रिज उलट घातकच. कोकणातल्या पावसाळ्यात तर ओला चमचाही पुरेसा होतो. नुसता सोडा मात्र चिवट. पण शेगडीशेजारी तोही नको, कारण साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे हळूहळू सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, होऊ लागते. पदार्थाला साबणासारखी चव येते ती त्यामुळेही.

‘लिंबू पिळले की फसफसतो, मग चांगलाच ना?’ असे कुणी म्हणेल. ही परीक्षा अपुरी आहे, कारण धुण्याचा सोडाही आम्लात फसफसतो. बेकिंग पावडर मात्र गरम पाण्यात टाकून पाहावी. बुडबुडे आले नाहीत तर टाकून द्यावी. आणि धुण्याचा सोडा स्वयंपाकघरात बिनचिठ्ठीच्या बरणीत कधीही ठेवू नका, दोन्ही भुकट्या पांढऱ्याच दिसतात.