लघुप्रतिकृतींसाठी कमी वासाचा प्रायमर

विमाने, जहाजे, आगगाड्या यांच्या प्लास्टिकच्या लघुप्रतिकृती जुळविण्याचा छंद आपल्या पुष्कळ घरांत लहानथोरांना जडलेला आढळतो. रंग देण्यापूर्वी सुट्या भागांवर प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा, जो थर चढवावा लागतो, त्याचा उग्र वास ही या छंदातील नेहमीची तक्रार होय. खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा वास्तूत तर तो माजघरापर्यंत पोहोचतो. सबब कमी वासाचा प्रायमर कसा पारखावा, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

उग्र वासाचे प्रायमर बहुधा लॅकर जातीचे असतात. जपानमधील तामिया कंपनीचा सरफेस प्रायमर किंवा ‘मिस्टर सरफेसर’ ही त्याची परिचित उदाहरणे. त्यांतील द्रावके प्लास्टिकच्या पृष्ठभागास किंचित विरघळवितात. म्हणूनच थर घट्ट धरतो, लवकर वाळतो आणि पॉलिश पेपरने सुरेख घासला जातो. जलीय प्रायमर, उदाहरणार्थ स्पेनमधील वाय्येहो कंपनीचा अ‍ॅक्रिलिक-पॉलीयुरेथेन प्रायमर, असा चावा घेत नाही. तो पृष्ठभागावर केवळ पापुद्र्यासारखा बसतो. वास सौम्य, पण पकड मुख्यतः पूर्वतयारीवर अवलंबून, असा हा सौदा आहे.

तथापि वास कमी म्हणजे अपाय कमी, हे समीकरण आम्हांस मुळीच मान्य नाही. ‘ओडरलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खनिज थिनरमधून वासाची सुगंधी संयुगे बरीचशी काढलेली असतात; वाफ व्हावयाची ती होतेच, आणि ती पेटही घेते. शिवाय नाक थोड्याच वेळात वासास सरावते. जलीय प्रायमर एअरब्रशने फवारला, की त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत जातात. साधा धूळमुखवटा तुषारांस काही अंशी अडवील, परंतु लॅकरच्या वाफेस अडविण्यास क्रियाशील कोळशाची डबी असलेला मुखवटाच हवा. खिडकीकडे हवा ओढणारा पंखा दोन्ही प्रकारांत आवश्यक. दाबाच्या डब्यांतील प्रायमरमध्ये ज्वालाग्राही वायू असतो. तेव्हा देवघरातील निरांजन, उदबत्ती वा शेगडी यांच्या आसपास तो फवारू नये, आणि मुलांच्या हाती तर एकट्याने कदापि देऊ नये.

आता भाग कशाचा आहे ते पाहावे. नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या भागांस जलीय प्रायमर उत्तम चालतो. मात्र बोटांचे तेल साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन भाग पूर्ण वाळू द्यावेत. रेझिनच्या भागांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य राहते, ते अधिक कसोशीने काढावे. पितळी पत्र्याचे कोरीव भाग हा खरा कसोटीचा विषय. गुळगुळीत धातूवर जलीय थर नखाने निघून येतो. सबब तो हलका घासून खरबरीत करावा, अथवा तेवढ्या भागांपुरता धातूसाठीचा प्रायमर उघड्या गच्चीवर वापरावा. एकाच प्रतिकृतीत दोन प्रायमर वापरण्यात आम्हांस काही कमीपणा वाटत नाही.

थर पातळच हवा. १:७२ प्रमाणाच्या विमानावर ०.१ मिलिमीटर जाडीचा लेप म्हणजे मूळ विमानावर ७.२ मिलिमीटरचा गिलावाच झाला; पत्र्यांचे सांधे व रिव्हेट त्यात बुडून जातात. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. जलीय प्रायमर स्पर्शास कोरडा लागला, तरी घासण्यापूर्वी निदान २४ तास थांबावे. घाईने घासल्यास त्याचे रबरासारखे तुकडे निघतात. गोवा-बेळगावच्या पावसाळ्यात दोन दिवसही थोडेच. लॅकरवर मात्र अशा दमट हवेत पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाळ्यात आमचा कल जलीय प्रकाराकडेच राहील. पातळ करावयाचा तर त्याच कंपनीचे थिनर घ्यावे; काही पॉलीयुरेथेनयुक्त प्रायमर अल्कोहोल मिसळताच गुठळ्या धरतात व एअरब्रशची चोच तुंबते.

रंग-हार्डवेअरचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी ग्राहकास प्रथम ‘भाग प्लास्टिकचा, रेझिनचा की पितळेचा?’ हा प्रश्न विचारावा आणि लहान बाटली द्यावी. त्या बाटलीतील प्रायमर घरी, भाग तोडून उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर लावून पाहावा. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर करडा पापुद्रा निघाला, तर धुण्याची वा वाळविण्याची क्रिया पुन्हा तपासावी.